बिदागी, दक्षिणा आणि फी : घरच्या पेटीशिकवणीचा एक धांडोळा

पुण्याहून दौंडकडे निघालेली सवारी गाडी यवत सोडते आणि पुढचे स्थानक येते ते खुटबावचे. फलाट लहान, उतरणारी माणसे मोजकी, आणि आसपास उसाचे फड. गुऱ्हाळे सुरू झाली की हवेत काकवीचा वास भरून राहतो. या गावात आमची एक माजी विद्यार्थिनी राहते. मराठी घेऊन एम.ए. झाली, तासिका तत्त्वावर का होईना शिकवायला मिळावे म्हणून दोन वर्षे ठिकठिकाणी अर्ज केले, आणि त्या अर्जांचे जे होते तेच झाले. मात्र तिच्याजवळ आणखी एक विद्या होती. आजोबा गावच्या भजनात पेटी वाजवतात. त्यांच्या शेजारी बसून ती पेटी शिकली, पुढे परीक्षा देत मध्यमेपर्यंत पोहोचली, आणि पुण्यात वसतिगृहात असताना एका बाईंकडे त्यांच्या घरी जाऊन तीन वर्षे पियानोही शिकली.

मागच्या दिवाळीत ती फराळाला आली, तेव्हा हातात एक कागद होता. "सर, मॅडम, घरीच क्लास काढायचा म्हणते. ओसरी रिकामीच असते. पाटीवर काय लिहायचं ते लिहून आणलंय, तेवढं शुद्धलेखन बघा." शुद्धलेखन बघण्यासारखे त्यात काही नव्हते. 'पियानो, कीबोर्ड व हार्मोनियम घरगुती वर्ग' एवढेच शब्द होते, आणि खाली 'फी' लिहून पुढे जागा मोकळी सोडलेली होती. ती मोकळी का, असे विचारताच ती म्हणाली, "तिथंच तर अडलंय. आजोबा म्हणतात, पन्नास वर्षं पेटी वाजवली, गावातल्या पोरांना शिकवली, कुणाकडून पैसा घेतला नाही. आता तू विद्या विकायला बसणार का?"

आम्ही दोघेही विद्या शिकवून महिन्याच्या महिन्याला वेतन घेणारे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चटकन द्यायला हवे होते. ते देता आले नाही. 'विकू नये' हे म्हणणे आमच्याही कानांना पवित्र वाटले, आणि तरीही तिने फुकट शिकवावे असे काही तोंडातून निघेना. मग, अध्यापकांचा नेहमीचा उपाय म्हणून, आम्ही मागे जाऊन शोधायला लागलो. घरी बसून वाद्य शिकवणारे, आणि त्या शिकवण्यावरच पोट भरणारे माणूस आपल्याकडे आले केव्हा आणि कुठून? पुढे लिहिले आहे ते त्या शोधातून हाती लागलेले. ते अपुरे आहे, याची आम्हांला जाणीव आहे.

आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. कोणताही प्रश्न आला की आधी त्यातले शब्द उलगडून पाहण्याची खोड. संगीत देणाऱ्याला मराठीत पैसे मिळतात ते किती नावांनी! गुरूला मिळते ती दक्षिणा. ती विद्या पुरी झाल्यावर, देणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे आणि इच्छेप्रमाणे. मैफल करणाऱ्या बुवांना मिळते ती बिदागी, म्हणजे निरोपाच्या वेळचे देणे. दरबारात जातो तो नजराणा. या तिन्ही शब्दांत रक्कम आधी ठरलेली नसते, निदान ठरलेली नसल्याचे सोंग तरी सांभाळले जाते. नाटक कंपनीतल्या वादकाला मिळतो तो पगार, आणि पगार हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. घरी शिकवणाऱ्या मास्तरांना मिळते ती फी, आणि तो शब्द इंग्रजांचा. ठरलेल्या दराने, ठरलेल्या तारखेला द्यायच्या पैशासाठी मराठीला बाहेरून शब्द आणावे लागले. (आजोबांच्या प्रश्नातला सारा अवघडपणा या एका गोष्टीत आहे, असे आम्हांला तेव्हाच वाटून गेले.) संबोधनांचेही तसेच. बुवा, खाँसाहेब, पंडित ही मंडळी एका बाजूला, आणि मास्तर, सर, टीचर दुसऱ्या बाजूला. 'बुवांची शिकवणी' असे कोणी म्हणत नाही, तिथे तालीम असते. शिकवणी असते ती मास्तरांची.

तर आधी बुवांच्या घरी जाऊ. महाराष्ट्रात ख्यालगायकी रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) गाणे शिकण्यासाठी घर सोडून उत्तरेकडे गेले आणि ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशी यांचे शिष्य झाले. त्या काळी शिष्य गुरूच्या घरी राहत असे, पाणी भरण्यापासून पडेल ते काम करीत असे, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढे त्याला मिळत असे. फी नव्हती हे खरे. पण ते शिक्षण फुकट होते असे म्हणवत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत हीच तिथली फी होती. आणि दुसरी गोष्ट अशी, की गुरूच्या घरची चूल शिष्यांच्या पैशावर पेटत नव्हती. ती पेटत होती संस्थानिकांच्या आश्रयावर. खुद्द बाळकृष्णबुवांना मिरज आणि इचलकरंजी या संस्थानांचा आधार लाभला. विद्या विकत नव्हते, कारण विकण्याची पाळी आली नव्हती.

हा आधार खिळखिळा होऊ लागला तसतशा नव्या तऱ्हेच्या शाळा निघू लागल्या. मुंबईत 1870 मध्ये पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी, पुण्यात 1874 मध्ये गायन समाज, बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा. गाणे घटका-दोन घटकांच्या तासांत बसवता येते, फळ्यावर लिहिता येते, आणि पांढरपेशांच्या मुलांनीही ते शिकण्यात गैर नाही, या तीन कल्पना त्या शाळांनी हळूहळू रुजवल्या. आज त्यांत नवल वाटत नाही. पण त्या वेळी गाणे-बजावणे म्हणजे कलावंतिणीचे दार, असे समजणाऱ्या समाजाला हे पचवायला पन्नास वर्षे लागली.

यानंतरच्या पिढीतली दोन माणसे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहेत. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) व्यवसायाने वकील. त्यांनी मराठीत 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'चे भाग लिहिले, क्रमिक पुस्तकांची मालिका काढली, देशभर हिंडून बंदिशी जमवल्या. त्यांची मिळकत संगीतातून येत नव्हती, म्हणून संगीतासाठी वाट्टेल तो खर्च करता आला. दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931). कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचे चिरंजीव, लहानपणी दारूच्या स्फोटाने दृष्टी अधू झालेली, मिरजेस बाळकृष्णबुवांकडे शिकलेले. यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, वेळापत्रक, पाठ्यपुस्तके, परीक्षा, सारे काही आले. त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला. त्यातून बाहेर पडणारे विद्यार्थी मैफलीचे गवई व्हावेत यापेक्षा गावोगाव जाऊन शिकवणारे शिक्षक व्हावेत, हा हेतू होता. गाण्याचा शिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय आहे, असे कृतीने सांगणारा आपल्याकडचा हा पहिला मोठा माणूस. आणि त्यांचे झाले काय? मुंबईतली महाविद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. फी घेणारा श्रीमंत होतो, हा समज खोटा ठरवायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

पण वर्ग निघाले म्हणून मास्तर घरी पोहोचले नसते. त्यांना घरी पोहोचवले ते पेटीने. आलेक्सांद्र दबें याने पॅरिसमध्ये 1842 साली हार्मोनियमचे एकस्व घेतले, तेव्हा ते पायाने भाता चालवायचे, टेबलाएवढे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात त्याचे हातपेटीत रूपांतर केले. भाता मागे गेला, पाय काढून टाकले, आणि जमिनीवर मांडी घालून एका हाताने वाजवता येईल अशी बाजाची पेटी तयार झाली. वाद्याचे देशीकरण म्हणतात ते याला.

शिकवणाऱ्याच्या बाजूने पाहा, म्हणजे या पेटीने काय केले ते ध्यानात येईल. सारंगी घ्या, सतार घ्या. पहिले सहा महिने सूर जागेवर लागत नाही, तो कुठे लागतो ते कानाने ओळखायचे, आणि तेवढा वेळ शिष्याच्या घरच्यांना धीर धरायचा. पेटीत सूर तयार होऊनच आलेला असतो. पट्टी दाबली, भाता हलवला, की 'सा' तो 'सा'च. सात-आठ वर्षांचे पोर पंधरा दिवसांत एखादी आरती वाजवून दाखवते, आजी कौतुकाने गूळ-खोबरे देते आणि बाप पुढच्या महिन्याची फी देतो. हे विनोदाने म्हटले, पण घरगुती शिकवणीचे सगळे अर्थशास्त्र यात आहे. ज्या वाद्यावर पहिल्या महिन्यात काहीतरी ऐकवता येते, त्याच वाद्यावर महिन्याच्या बोलीने शिक्षक ठेवता येतो. मास्तरही नको असतील तर 'हार्मोनियम शिक्षक' अशा नावांची पुस्तके बाजारात आली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांनीही बडोद्यात असताना असे एक पुस्तक लिहिले. पुढे हेच इनायत खाँ सूफी विचारांचे गुरू म्हणून युरोप-अमेरिकेत गाजले.

पेटी किती खोल गेली याचा पुरावा पुन्हा भाषेतच आहे. आपला गवई आपली पट्टी सांगतो ती 'पांढरी दोन', 'काळी चार', 'काळी एक' अशी. पेटीला नाके मुरडणारे, तंबोऱ्याशिवाय न गाणारे बुवासुद्धा आपल्या आवाजाची उंची पेटीच्या पट्ट्यांच्या रंगाने सांगतात. आम्हांला ही गोष्ट नेहमी गमतीची वाटत आली आहे.

याच सुमारास संगीत नाटकाने घराघरांत गाणे नेले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 च्या ऑक्टोबरात पुण्यात रंगभूमीवर आले. 1911 च्या 'मानापमाना'ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे (1881–1955) या पेटीवादकाने, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी. नाटकाची पदे ऐकून आलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी ती गुणगुणत असे, आणि ती बसवून देणारा माणूस शोधू लागे. तो माणूस म्हणजे पेटीमास्तर. सायकल किंवा छत्री, काखेत पदांची वही, आठवड्याचे दोन वार ठरलेले. चाळीतल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा हा गृहस्थ कुठल्याच इतिहासात सापडत नाही. त्याची मैफल नाही, तबकडी नाही, शिष्यपरंपरा नाही. त्याचे विद्यार्थी पुढे कारकून झाले, गृहिणी झाल्या. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात 'पेटी येते का?' हा प्रश्न ठरलेला होता, आणि लग्नानंतर तीच पेटी कपड्यांच्या घडीखाली गेली, हेही तितकेच ठरलेले होते. इतक्या मुलींना पेटी शिकवली गेली, पण त्यांतल्या कितीजणींना ती विद्या पुढे वापरता आली? आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न ऐकताना आमच्या मनात ही पेटी वारंवार येत होती.

आणि बाईने विद्येवर मिळवावे, हा विचार खुटबावला दुरून आलेला नाही. तो पुढच्याच स्थानकावर उभा होता. केडगावला उतरले की पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. रमाबाईंनी (1858–1922) 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले, आणि 1896–97 च्या दुष्काळानंतर केडगावच्या माळावर शेकडो निराश्रित स्त्रियांना आसरा दिला. तिथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून झालेला वाद सर्वांना ठाऊक आहे आणि तो इथे उकरण्याचे कारण नाही. आमच्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की बाईच्या हाती एखादे कसब द्यायचे ते तिने त्यावर जगावे म्हणून, केवळ शोभा म्हणून नव्हे, हे सूत्र या परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वीच कृतीत आले होते. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, हे वाचकांना स्मरत असेलच.

मिशनऱ्यांचा आणि पेटीचा संबंधही जुना. प्रार्थनेला सूर देण्यासाठी त्यांनी लहान ऑर्गन आणि हार्मोनियम आणले, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती कवींनी, विशेषतः अहमदनगरच्या रेव्हरंड टिळकांनी, त्या प्रार्थनेला ओवी-अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण दिले. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या वाटेने जाते. त्या वाटेवरच्या गावांत भजनालाही पेटी आणि केडगावच्या प्रार्थनेलाही पेटी, असा हा योग आहे.

आता पाटीवरच्या पहिल्या शब्दाकडे, पियानोकडे, वळायला हवे. पेटी आली तशी ही वस्तू मराठी घरात का आली नाही? किंमत, जागा आणि दमट हवेत वारंवार सूर लावून घेण्याची दगदग, ही कारणे आहेतच. पण खरे कारण नादात आहे. क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास फ्लोरेन्सला जे वाद्य घडवले, त्याचे वैशिष्ट्य असे की बोटाच्या जोराप्रमाणे स्वर हलका किंवा मोठा निघतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हळू-मोठा' असा आहे. मात्र हातोडी तारेवर पडली की स्वर विझायला लागतो. पेटीचा स्वर भात्यात वारा असेपर्यंत जिवंत राहतो. आपले गाणे लांबणाऱ्या स्वराचे, म्हणून त्याला सोबत हवी ती पेटीची. गोव्यातल्या चर्चचे गाणे निराळे होते, आणि तिथे चित्रही निराळे दिसते. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा तो 'मेस्त', पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला. आपल्याकडे गवंडीकाम-सुतारकाम करणारा 'मेस्त्री' याच शब्दातून निघाला. संगीताचा गुरू आणि गवंडी यांना एकच नाव असण्यात काही कमीपणा आहे असे आम्हांला वाटत नाही. माजोर्ड्याच्या अशाच एका चर्चमधल्या मेस्ताचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस (1927–2012) मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक झाले, आणि त्यांनी मुलांना व्हायोलिनही शिकवले. त्या मुलांत एक प्यारेलाल होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात हे गुरूचे नाव आले, ते शिष्याने वाहिलेली दक्षिणा म्हणूनच. फीच्या नात्यातही दक्षिणा शिल्लक राहते ती अशी.

युरोपात घरी पियानो शिकवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात इतका मोठा झाला, की तिथे तरी पैशाचा संकोच नसेल असा आमचा ग्रह होता. तो चुकीचा निघाला. बेटहोवेनचा शिष्य कार्ल चेर्नी (1791–1857) वयाच्या पंधराव्या वर्षी शिकवायला लागला आणि पुढे कित्येक वर्षे दिवसाचे दहा-बारा तास शिकवण्या करीत राहिला. त्याच्याकडे एक गरीब घरचा विलक्षण मुलगा आला, त्याच्याकडून मात्र त्याने फी घेतली नाही. तो फ्रान्झ लिस्ट. शोपँ 1831 मध्ये पॅरिसला आला आणि त्याचा चरितार्थ बव्हंशी शिकवण्यांवर चालला. धड्याचे वीस फ्रँक, म्हणजे त्या काळी भरभक्कम रक्कम. पण ते पैसे हातात घेणे त्याला जड जाई. शिष्य ते अंगीठीवरच्या फळीवर ठेवून जात. आणि तो लहानपणी फुकट शिकलेला लिस्ट? उतारवयात वायमारला त्याच्याकडे देशोदेशीचे पियानोवादक येत, आणि तो कुणाकडूनही फी घेत नसे. थोर गोष्ट. पण तोवर मैफलींनी त्याला जगातला सर्वांत प्रसिद्ध वादक केले होते. भातखंडे यांची वकिली, लिस्टच्या मैफली, दरबारी बुवांचे संस्थान. विद्या न विकणाऱ्या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी दुसरी चूल पेटलेली दिसते.

इकडे पेटीवर एक संकट यायचे होते. पेटीचे बारा सूर पक्के बांधलेले. मींड निघत नाही, श्रुती निसटतात, हा आक्षेप जुना आणि बऱ्याच अंशी खरा. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. रवींद्रनाथांसारख्या थोराचाही तिच्यावर राग होता. स्वातंत्र्यानंतर 1952 ते 1962 या काळात नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण केसकर हे तर आपल्याच मुलखातले, पण त्यांनीही बंदी उठवली नाही. 1971 पासून ती सैल होत गेली. तीस वर्षे सरकारी वाहिनीवर जिला मज्जाव होता, ती पेटी त्याच तीस वर्षांत घराघरांत शिकवली जात होती. नभोवाणीच्या दारात जिला बसू दिले नाही, तिच्यावर गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारखे वादक घडले. बेळगावला रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांनी तर आयुष्यभर पेटी शिकवली. श्रुतींचा आक्षेप घेणाऱ्या विद्वानांनी हा आक्षेप नेमका कोणाच्या पोटावर येतो, याचा विचार केला होता का, असा प्रश्न विचारावासा वाटतो. एकीकडे वाद्य हलके ठरवायचे, आणि ते शिकवणाऱ्याने पैसे मागितले की त्याला विद्या विकणारा म्हणायचे!

परीक्षांनी मास्तरांना पुष्कळ आधार दिला. पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आल्या. पाश्चात्त्य वाद्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि 1889 पासूनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा होत्याच. खेड्यातल्या शिक्षकाला दाखवायला प्रमाणपत्र आणि शिकवायला अभ्यासक्रम मिळाला. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक आधी गुणांची चौकशी करतात आणि रागाची मागून. त्यात गाणे कितीसे राहते, ही शंका आम्हांला आहे. पण महाविद्यालयात आम्ही तरी निराळे काय करतो? असो.

ही सगळी जमवाजमव करून आम्ही एका रविवारी खुटबावला गेलो. आजोबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आम्ही शोपँची आणि लिस्टची गोष्ट रंगवून सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते ठीक. पण आमच्यात देवाच्या दारात पैसा नसतो." मग आमच्यातल्या एकाने जरा धीर करून विचारले, "आजोबा, तुम्ही पन्नास वर्षं फुकट शिकवलंत. पण घर कशावर चाललं?" ते हसले. समोरच्या शेताकडे हात करून म्हणाले, "उसावर." थोड्या वेळाने आपणच पुढे बोलले, "तिच्या नावावर ऊस नाही. भावांच्या नावावर आहे."

तेव्हा या प्रश्नात एक सातबाराही दडलेला आहे, हे आमच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांला सापडले नव्हते. ते त्यांनीच सांगितले.

फीचा आकडा शेवटी आजोबांनीच ठरवला. आम्ही सुचवलेल्यापेक्षा तो थोडा कमी होता, आणि तिच्या मनात होता त्यापेक्षा जास्त. दोन अटी त्यांनी घातल्या. भजनाला येणाऱ्या पोरांकडून फी घ्यायची नाही, आणि पैसे तिने हातात घ्यायचे नाहीत, पेटीच्या झाकणावर ठेवायला सांगायचे. शोपँची फळी त्यांनी ऐकली होती की नाही कोण जाणे. आम्ही बोलत असताना त्यांचे लक्ष बहुधा सुपारीकडेच होते.

पाडव्याला पाटी लागली. पहिल्या महिन्यात चार विद्यार्थी आले. दोन मुली, एक शाळकरी मुलगा, आणि पोरे मोठी झाल्यावर लहानपणी सुटलेली पेटी पुन्हा धरू पाहणाऱ्या एक काकू. पालकांना 'पियानो' या शब्दाची ओढ आहे. शिकवले जाते ते एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर. कीबोर्ड आणि पियानो एक नव्हेत, हे ती प्रत्येकाला आधीच सांगते, तरी घरी जाऊन मुले 'पियानो क्लास'च म्हणतात. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा नेमकी वीज गेली आणि कीबोर्ड मुका झाला. तिने आजोबांची पेटी खाली काढली, झाकणावरची पाकिटे उचलून कोनाड्यात ठेवली, आणि काकूंना म्हणाली, "काकू, आता भाता तुम्ही धरा. सावकाश. वारा भरू द्या आधी."